सत्त्याण्णवावी नळी

हे खरं आहे, हे पटवत बसायला मला वेळ नाही. तीन वाजता निकाल लागणार आहे.

आत्ता दुपारचा सव्वा वाजलाय. वार गुरुवार. गाव सेमेय, पाचव्या मजल्यावरचं आमचं घर. बाहेर उणे एकतीस आणि डोळे दिपतील असं ऊन पडलंय. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दुसरी गोष्ट वाचायला घ्यावी.

मी माक्पाल. वय सदतीस. रक्त तपासणं हा माझा धंदा. भूतखेत, नजर, करणी असलं कुणी काही बोललं की माझं डोकं सणकायचं. नवरा सेरझान तर माझ्याही वरताण.

आता ऐका.

आमच्या भागात चाळीस वर्षं बॉम्बच्या चाचण्या झाल्या. त्या कधीच थांबल्या, पण ज्यांच्या अंगावरून ते गेलं, ती माणसं आणि त्यांची पोरंबाळं इथेच आहेत. कुणाच्या अंगात किती किरणं गेली, हे त्यांच्या रक्तावरून शोधायचं, हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. पूर्वी एकेका माणसाचं रक्त भिंगाखाली बघत डोळे फुटायचे. मग यंत्र आलं.

बोटाच्या टोकावरचा एक थेंब, काडीएवढ्या नळीत. अशा शहाण्णव नळ्या एका तबकात. यंत्राचा हात एकेक नळी उचलतो, ओततो, तीन दिवस उबेत ठेवतो. पेशी वाढल्या की कॅमेरा त्यांच्या आतले धागे मोजतो. चांगल्या धाग्याला एकच कंबर असते. किरणांनी तुटून भलतीकडे जुळलेल्या धाग्याला दोन. दोन कमरांचे धागे जितके जास्त, तितका मार मोठा.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे दोन कमरांचे धागे फार टिकत नाहीत. काही वर्षांत पुसले जातात. जुन्या माराची खूण वेगळी, ती जन्मभर राहते. म्हणजे मार जुना की ताजा, हेही यंत्र सांगतं.

आमचे प्रमुख ओराझ आगा. त्यांनी यंत्राचं नाव ठेवलं होतं, सूनबाई.

"दिवसभर ओतते, वाढते, धुते, आणि तोंडातून ब्र काढत नाही. अशी सून नशिबात लागते, माक्पाल."

"तुमच्या घरी पाठवून देऊ का, आगा? चहा मात्र तुम्हालाच करावा लागेल."

नळी उचलताना सूनबाईचा एक आवाज यायचा. टक. दर सोमवारी शहाण्णव वेळा टक. पंच्याण्णव लोकांच्या आणि शेवटची माझी. माझं माहेर पार कॅस्पियनच्या काठचं. माझं रक्त स्वच्छ. इतरांचं ज्याच्याशी ताडून बघायचं, ते रक्त माझं. सहा वर्षांत माझ्या ओळीत शून्य सोडून काही आलं नव्हतं.

तो आवाज माझ्या कानात इतका बसला होता की, चहा पिता पितासुद्धा मी सांगायचे, बहात्तरावी झाली.

चार वर्षांपूर्वीचा जानेवारी. सारीबस्ताऊ गावाची पाळी आली. माझ्या सासूबाईंचं ते माहेर. मी त्यांना एने म्हणायचे. मला तेव्हा चौथा महिना होता. त्याआधीची दोन राहिली नव्हती. दोन्ही चौथ्यातच गेली. त्यामुळे या खेपेला एने मला बादलीसुद्धा उचलू देत नव्हत्या.

"तू नुसती बस आणि खा. नातवंड माझ्या मांडीवर आलं की मग मर मर काम कर."

त्या सोमवारी एने पहाटेच्या बसनं गावी गेल्या, बोट टोचून घेऊन आल्या. गुरुवारी तीन वाजता निकाल पडद्यावर उमटला.

चाळीस नंबर, एने. बाई. जुन्या खुणा थोड्या, ताजं काही नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

एक्केचाळीस नंबर...

पुरुष. सव्वाचार.

सव्वाचार ग्रे, म्हणजे एवढा मार की औषधपाणी नसेल, तर महिना-दीड महिन्यात माणूस जातो. आणि खुणा सगळ्या ताज्या. जुनी एकही नाही. पेशींच्या संख्येवरून सूनबाई दिवसांचा अंदाजही देते.

तिनं लिहिलं होतं, तीन दिवस.

"गावात अणुभट्टी उघडली का काय कुणी?" ओराझ आगा हसले. "सूनबाईचं डोकं फिरलंय. नाव बघ बरं कुणाचं आहे."

मी यादी काढली. नाव वाचलं.

आणि यादी उलटी ठेवली.

ते नाव मी अजूनही इथे लिहिलेलं नाही. आमच्यात सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. टोपणनाव ठेवायचं. यांना मी मेंढरंवाले आगा म्हणायचे. एनेंचे थोरले भाऊ. एने सात वर्षांच्या असताना नाहीसे झालेले. ना प्रेत, ना कबर.

घरी गेल्या गेल्या मी विचारलं, "एने, गावात दोन नळ्या दिल्यात तुम्ही?"

"दिल्या." त्या कणीक मळत होत्या. "एक माझी, एक त्याची."

"त्यांची कुठून आणलीत?"

"या बोटातून माझी, या बोटातून त्याची." त्यांनी पिठाची दोन बोटं दाखवली. "बातिमा नर्स म्हणाली, कुटुंबातल्या सगळ्यांचं द्या. मग त्याचा वाटा नको ठेवायला?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

वाटा. म्हणजे सिबागा. हिवाळ्यासाठी घोडा कापला की, जो माणूस घरी नाही त्याच्या नावाचं मांस काढून ठेवायचं. सगळेच ठेवतात. पण ज्याची वाट बघायची तो हिवाळा सरेपर्यंत येतो, खातो, ढेकर देतो. एनेंचा भाऊ सहासष्ट वर्षं आला नव्हता. तरी दर हिवाळ्यात त्यांच्या नावची चरबीदार बरगडी फडक्यात बांधून आमच्या बाल्कनीत टांगलेली असायची. आमच्याकडे हिवाळ्यात बाल्कनी हाच फ्रीज. उन्हाळा लागला की एने ते मांस मुकाट्यानं शिजवून एकट्या खायच्या.

"एने, असं चालत नाही हो! सगळ्या गावाचा हिशेब चुकेल. तुमचंच रक्त दोनदा..."

बोलता बोलता मीच अडखळले.

त्यांचंच रक्त. मग पुरुष कसं?

माझ्या तोंडून ते निघून गेलं. पुरुष. ताजं. तीन दिवस.

एनेंच्या हातातला गोळा परातीत पडला. त्यांचं तोंड असं उजळलं की काय सांगू.

"जिवंत आहे!"

"एने, अहो..."

"तूच म्हणतेस ना, मेलेलं रक्त वाढत नाही म्हणून? तुझ्या यंत्रात वाढलं ना? मग?"

मेलेल्या पेशी सूनबाईच्या उबेत वाढत नाहीत.

संध्याकाळी सेरझान ट्रक लावून घरी आला. त्यानं ऐकलं आणि पोट धरून हसला. "आई, मामाला म्हणावं येताना पाव घेऊन ये. आणि मेंढरं खालीच बांध, लिफ्टमध्ये मावायची नाहीत."

मीही हसले. खरंच हसले.

शुक्रवारी मी एक्केचाळीस नंबर रद्द केला. खोटा नमुना, असा शेरा मारला. उरलेली नळी कचऱ्यात टाकायला उचलली...

गरम होती.

चार अंशाच्या कपाटातून काढलेली नळी. तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी गरम. मी ती टाकली आणि तीनदा हात धुतले.

सोमवारी नवं तबक लावलं. दुसऱ्याच गावाचं. मी टेबलाशी बसून लेबलं चिकटवत होते. टक. टक. टक. नव्वद. पंच्याण्णव. शहाण्णव, माझी.

टक.

माझा हात थांबला.

तबकात घरंच शहाण्णव असतात. सत्त्याण्णवावी नळी ठेवायला जागाच नाही. मी उठून काचेला नाक लावलं. सगळं जागच्या जागी. यंत्राचा हात मात्र तबकाच्या कडेबाहेर, रिकाम्या जागेवर थबकला होता. ओतल्यासारखा वाकला. मग परत फिरला.

गुरुवारी निकालात शहाण्णव ओळींखाली आणखी एक ओळ.

पुरुष. सव्वाचार. दहा दिवस. पांढऱ्या पेशी मागच्यापेक्षा निम्म्या.

"आगा, ही नळी मी लावलेली नाही."

"मग सूनबाईनं घरून आणली का?" ओराझ आगा म्हणाले. पण या वेळी ते हसले नाहीत.

त्यांनी कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं अख्खं यंत्र उघडलं, पुसलं, जोडलं. काही दोष नाही, म्हणाला.

माझ्या ओळीकडे माझं लक्ष नंतर गेलं. दोन कमरांचा धागा, एक. हजारात एखादा कुणाच्याही रक्तात असतो. मीच गावाला सांगत फिरते, एकाचं काही मनावर घ्यायचं नाही.

पण सहा वर्षांत माझ्यात एकही आला नव्हता.

त्याच आठवड्यात दुपारी घरात मेंढरांचा आवाज आला. पाचव्या मजल्यावर, दोन्ही खिडक्या कागद लावून बंद केलेल्या. तरी खालून कळप चालल्यासारखा... बर्फावर खुरं, कुठंतरी एखादी घंटा. मी खिडकीशी गेले. खाली रस्ता, उभ्या गाड्या, शाळेतून येणारी पोरं. मेंढरू एकही नाही. एने मात्र खिडकीशी आधीच उभ्या होत्या. गालावर हात ठेवून ऐकत होत्या, कुणी गाणं म्हणत असावं तशा.

आणि बाल्कनीतल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं.

बाहेर उणे अठ्ठावीस. शेजारी टांगलेली बाकीची बरगडी दगडासारखी. वाटा तेवढा मऊ. मी बोट लावलं. गरम.

तिसऱ्या सोमवारी मी कान बंद करून बसले. तरी ऐकू आलं.

टक.

गुरुवार. पुरुष. सव्वाचार. सतरा दिवस. पेशी आणखी उतरलेल्या. कुणीतरी सूनबाईच्या त्या बंद काचेआड रोज थोडं थोडं मरत होतं आणि आम्ही ते कागदावर छापून घेत होतो.

माझी ओळ... नऊ.

ओराझ आगांनी कागद हातात घेतला, परत ठेवला, परत घेतला. त्या आठवड्यात त्यांनी मुद्दाम स्वतःचंही रक्त माझ्या शेजारी लावलं होतं. त्यांचं होतं तसंच. म्हणजे प्रयोगशाळेत काही सांडलेलं नव्हतं. जे होतं ते फक्त माझ्यात.

"माक्पाल, बाई माझे, तू रजा घे. उद्यापासून इथं पाय ठेवू नकोस."

"आगा, ते इथं नाहीच. ते माझ्या घरी आहे."

पोटात माझं लेकरू होतं. चौथा महिना संपायला नऊ दिवस राहिले होते.

घरी येऊन मी बूटही काढले नाहीत.

"एने, सात शेल्पेक तळा. आजच्या आज."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

गुरुवारी तेल तापवायचं, सात पातळ पोळ्या तळायच्या, वास दरवळू द्यायचा आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन दुवा मागायची. गेलेल्यांना तो वास पोचतो. एने आपल्या आईवडिलांसाठी, नवऱ्यासाठी दर गुरुवारी तळायच्या. भावाचं नाव त्यांनी त्यात एकदाही घेतलं नव्हतं. जिवंत माणसाच्या नावानं तेल तापवलं की तो मरतो, असं मानतात.

"माझ्याच हातानं भावाला पुरू म्हणतेस?"

"सहासष्ट वर्षं झाली, एने!"

"तुझं यंत्र तर सतरा दिवस म्हणतंय."

"हो, म्हणतंय! आणि आणखी तीन आठवड्यांत काय म्हणणार तेही मला माहीत आहे! तुमचे भाऊ घरी येताहेत, एने. दर आठवड्याला थोडे जवळ. आणि येताना ते सगळं अंगावर घेऊन येताहेत." मी नऊचा कागद त्यांच्यापुढे आपटला. "हे माझं रक्त. सांगा आता, भाऊ पाहिजे की नातवंड?"

असं मी सासूला बोलले. आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता.

एनेंनी कागद उचलून मांडीवर ठेवला. त्यांना वाचता येत होतं, पण त्या वाचत नव्हत्या.

"ऑगस्टचा महिना होता," त्या म्हणाल्या. "बॉम्ब फोडायच्या आधी लष्कराचे ट्रक आले. सगळ्यांना चढवलं. कळपापाशी कुणीतरी थांबा म्हणाले, तो थांबला. चोवीस वर्षांचा होता. नुकतं मांस शिजलेलं होतं. ट्रक सुटला तेव्हा मागे पळत आला, हसत होता. म्हणाला, माझा वाटा काढून ठेव गं, मी आलोच. मी ठेवला. तूच सांग सूनबाई, घेणारा आला नाही म्हणून वाटा टाकून देतात का?"

मला रडू फुटलं होतं.

पुढच्या सोमवारी सत्त्याण्णवावी टक झालीच. ओराझ आगांनी फोन करून सांगितलं. मी रजेवर होते. माझा थेंब त्यांनी घरी येऊन नेला होता.

गुरुवारी मी उठले तेव्हा घरभर तेलाचा वास होता.

एनेंनी पांढरा स्वच्छ रुमाल डोक्याला बांधला होता. ताटात सात शेल्पेक. त्या मांडी घालून बसल्या, ओंजळ धरली, आईचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, नवऱ्याचं घेतलं. मग थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, आता काही होत नाही.

मग त्यांनी भावाचं नाव घेतलं. मोठ्यानं, लहान मुलीनं लांबून हाक मारावी तसं.

बाल्कनीत ठिबकणं थांबलं.

त्यांनी डोळे पुसले. बाल्कनीतला वाटा आत आणला, शिजवला आणि सगळा एकट्यानं खाल्ला. मी मदतीला हात पुढे केला, तर त्यावर चापट मारली.

"याला शिवायचं नाही. वाटा टाकता येत नाही, कुणीतरी खायचाच असतो. तू सरक तिकडे."

तीन वाजता ओराझ आगांचा फोन आला. "शहाण्णवच ओळी आहेत गं! आणि तुझी शून्य. कोरी करकरीत!"

मी एनेंच्या गळ्यात पडले. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. हात फार गरम होता.

तिथेच मी समजायला हवं होतं. सोमवारी मी कामावर परत गेले आणि जाताना सहज म्हणून त्यांचा एक थेंब घेतला. त्यांनी आपणहून बोट पुढे केलं.

गुरुवारचा निकाल. बाई. सव्वाचार. चार दिवस.

सोमवारच्या आधीचे चार दिवस म्हणजे गुरुवार. वाटा खाल्ला तो.

मी घरी येऊन त्यांच्यापुढे बसले. कागद हातातच होता.

"मला नको वाचून दाखवूस," एने म्हणाल्या. "तुझ्या पोरीसाठी मोजे विणायला घेतलेत, तेवढे होतील. मुलगीच आहे बघ." आणि त्या खुसखुसत हसल्या.

वाटा खाल्ल्यापासून पाचव्या आठवड्यात त्या गेल्या. डॉक्टरांनी वय लिहिलं. अंग धुवायला मी होते. एनेंचा डावा गाल, डावा हात, मानेची डावी बाजू उन्हानं रापल्यासारखी तांबडी-काळी झाली होती. रुमालाखाली झाकलेलं तेवढं गोरं. मार्चमध्ये. घराबाहेर न पडलेली बाई. धुणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि कफन लवकर ओढून घेतलं.

मुलगी झाली. तोमिरिस. ठणठणीत, हट्टी, आज्जीसारखी. मोजे दोन्ही पूर्ण झाले होते.

आता माझी चूक सांगते.

मी एकही गुरुवार चुकवला नाही. एनेंसाठी दर गुरुवारी सात शेल्पेक तळले, एने म्हणूनच दुवा मागितली. पण त्यांचे भाऊ... त्यांचं नाव घ्यायला मी कोण? सुनेनं घ्यायचं नसतं. एनेंनी शेवटचे पाच गुरुवार घेतलं होतं. त्यांच्यानंतर कुणीच घेतलं नाही. मला वाटलं मी मान राखतेय. आणि वाटा? ज्याला दुवा पोचली त्याचा वाटा कसला, म्हणून मी तोही काढला नाही.

या सोमवारी मी टेबलाशी बसून मोजत होते. शहाण्णव, माझी.

टक.

मला पुन्हा चौथा महिना आहे.

सेरझान ओम्स्कच्या रस्त्यावर आहे. त्याला फोन केला. "आई गेली, आता तू सुरू केलंस का?" म्हणाला. हसला नाही पण. "थांब, मी घेतो मामांचं नाव, मी भाचा आहे, माझ्याकडून..." तेवढ्यात रेंज गेली. त्यानंतर तो लागत नाही.

सकाळी बाल्कनीचं दार उघडलं. आमच्या बरगड्यांच्या शेजारी आणखी एक फडकं टांगलेलं होतं. मी बांधलेलं नाही. गाठ एनेंच्या हातची, डावीकडे वळवलेली. खाली बर्फात पाण्यानं पडलेलं भोक.

तेल तापवलं. सात शेल्पेक तळले. पण आता मला कळतंय की तळून भागत नाही. वाटा कुणीतरी खायचा असतो. मी खाऊ शकत नाही. तोमिरिसला शेजारी पाठवलंय, तिला मी घरात पाऊलही टाकू देणार नाही. आणि टाकून देता येत नाही.

मग मी सकाळपासून विचार करत बसले, आणि मला एकदम एनेंचा राग आला. खरं सांगते, राग आला. सहासष्ट वर्षं वाटा ठेवला, पण त्या माणसाला कुणी कधी जेवायला बसवलं नाही. आधी नुसती वाट बघितली. मग पुरून टाकलं आणि त्याचं जेवण आपण खाल्लं. भुकेला माणूस पळत ट्रकच्या मागे आला होता हो.

दोन वाजून चाळीस मिनिटं झाली.

फडक्यातलं मांस शिजवलंय. दारासमोरच्या मानाच्या जागी ताट मांडलंय. सुरी ठेवलीय, चहाचं वाडगं अर्धं भरलंय, पाहुण्याला देतात तसं. मी स्वयंपाकघराच्या पार कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसलेय आणि फोनवर हे लिहितेय. बरोबर करतेय की आगीत तेल ओततेय, मला माहीत नाही. माझी ओळ काय येते ते वीस मिनिटांत कळेल.

खाली केव्हापासून मेंढरं चालली आहेत. खुरं... घंटा...

मी नाव घेतलं. सासर सोडून माहेरी जावं लागलं तरी चालेल. मोठ्यानं घेतलं.

एर्देन आगा. या. तुमचा वाटा काढून ठेवलाय.

मेंढरं थांबली.

लिफ्टचा आवाज नाही. जिन्यावर पावलं आहेत. दुसरा मजला असेल. सावकाश येताहेत, दमलेल्या माणसासारखी.

मी मघाशीच जाऊन दाराची कडी काढून ठेवलीय.